अक्षरांची झिरो फिगर

एक छोटा गेम खेळू या. पुढच्या वेळी मॉलमध्ये किंवा एअरपोर्टवर गेलात, की परफ्यूमच्या काउंटरपासून दहा पावलं लांब उभे राहा. नावं वाचायची नाहीत, नुसती अक्षरं बघायची. त्यातली कुठली बाटली खिसा रिकामा करणारी आहे, हे तुम्ही किंमत न बघता सांगाल. लावा पैज!

आता सांगा, कसं काय ओळखलंत? बाटली तर सगळ्यांचीच काचेची. फरक असतो अक्षरात. महागड्या बाटलीवरच्या अक्षरांचे उभे दांडे भरीव असतात आणि आडव्या रेघा इतक्या बारीक, की कुणी केस ठेवलाय की काय असं वाटावं. दांड्याच्या टोकांनाही तशीच केसाएवढी आडवी रेघ. या टोकाच्या रेघेला सेरिफ म्हणतात. मधलं काहीच नाही. एकदम जाड, नाहीतर एकदम बारीक. ‘व्होग’चं नाव डोळ्यांपुढे आणा, म्हणजे लगेच कळेल. २००७ मध्ये ‘व्होग’ची भारतीय आवृत्ती निघाली आणि ती अक्षरं आपल्या स्टेशनवरच्या बुकस्टॉलपर्यंत आली. ‘हार्पर्स बझार’चंही तेच. ‘झारा’ने २०१९ मध्ये लोगो बदलला, तेव्हा याच घराण्यातली अक्षरं अशी दाटीवाटीने बसवली, की विरारची शेवटची लोकल आठवावी.

आणि हे फक्त फॅशनवाल्यांचं प्रकरण नाही बरं का. एफसी रोडवर मिळणारा तो काळा ‘निर्वाणा’चा टी-शर्ट आहे ना? त्यावरचं नाव ‘ऑनिक्स’ नावाच्या फॉन्टमध्ये आहे. १९३७ सालचा अमेरिकन फॉन्ट, याच खानदानातला, फक्त उंच आणि सडपातळ. म्हणजे ग्रंज ऐकणारे आणि गाऊन बघणारे, सगळे एकाच अक्षराच्या प्रेमात!

या खानदानाचं नाव डिडोन. १९५४ मध्ये मॅक्सिमिलियाँ वॉक्स या फ्रेंच माणसाने टाइपांची वर्गवारी केली, तेव्हा त्याने डिडो आणि बोडोनी ही दोन आडनावं जोडून हा शब्द तयार केला. आपल्याकडे बिल्डर लोक मुलाचं आणि मुलीचं नाव जोडून सोसायटीचं नाव काढतात, तसं.

यातला जिआमबातिस्ता बोडोनी इटलीतल्या पार्मा शहरात १७६८ पासून तिथल्या ड्यूकच्या छापखान्याचा कारभारी होता. फिर्मँ डिडो पॅरिसचा, छपाईचा पिढीजात धंदा असलेल्या घरातला. १७८० च्या दशकात दोघंही असं अक्षर शोधत होते ज्यात जाड आणि बारीक यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त असेल. बोडोनीच्या सगळ्या टाइपांचे नमुने असलेला भलाथोरला ग्रंथ त्याच्या बायकोने, तो गेल्यावर पाच वर्षांनी, १८१८ मध्ये छापून काढला. (नवऱ्याच्या अपुऱ्या फायली पूर्ण करण्याची परंपरा जुनीच म्हणायची.) आणि तुम्ही वर्डमध्ये ‘१२ पॉइंट’ म्हणता ना, ते पॉइंटचं माप पक्कं करणारा माणूस म्हणजे या फिर्मँचे वडील. आपल्या कॉम्प्युटरचा पॉइंट त्यांच्या पॉइंटपेक्षा किंचित लहान आहे, एवढंच.

या दोघांच्या आधी बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने सुरुवात करून ठेवली होती. त्याने १७५७ मध्ये पहिलं पुस्तक काढलं. त्यासाठी शाई स्वतः बनवली आणि कागद गरम दाबून गुळगुळीत केला, कारण खरखरीत कागदावर बारीक रेघ उमटतच नाही. लोकांनी काय म्हणावं? ही अक्षरं वाचून इंग्लंडचे डोळे जातील! बेंजामिन फ्रँकलिनला हे ऐकून गंमत सुचली. अशीच तक्रार करणाऱ्या एका गृहस्थाला त्याने एक नमुन्याचा कागद दाखवला आणि सांगितलं, हे घ्या बास्करव्हिलचं अक्षर, दाखवा चुका. त्या गृहस्थाने कुठे काय खुपतंय ते एकेक करून दाखवलं. डोळेसुद्धा दुखायला लागले त्याचे. प्रत्यक्षात तो कागद होता कॅसलॉनचा. म्हणजे तो माणूस रोज सुखाने वाचत होता तेच अक्षर! फ्रँकलिनने १७६० च्या सुमारास ही हकीकत खुद्द बास्करव्हिलला पत्रातून कळवली. फॉन्टवरून मीटिंगमध्ये भांडणाऱ्या प्रत्येक टीमला हे पत्र वाचायला द्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

थोडक्यात काय, तर हे अक्षर जन्मापासून श्रीमंताघरचं. गुळगुळीत कागद, चांगली शाई, धारदार खिळे आणि वाचणाऱ्याकडे निवांत वेळ, एवढं सगळं लागतं त्याला. म्हणून ते महाग दिसतं. आणि म्हणूनच ते चुकीच्या जागी नेलं, की जाम फजिती होते.

मंडळी, मी क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात, १४ पॉइंटमध्ये बोडोनी बघितलाय. प्रोजेक्टरने सगळ्या बारीक रेघा खाऊन टाकल्या होत्या आणि पडद्यावर नुसते उभे दांडे. कुंपण दिसावं तसं! जे अक्षर मोठं असताना मॉडेल दिसतं, ते लहान झालं की कुपोषित दिसतं. ‘हार्पर्स बझार’वाल्यांना ही भानगड ठाऊक होती. १९९२ मध्ये त्यांनी अख्ख्या मासिकाचं रूप पालटलं, तेव्हा जोनाथन हेफ्लरने त्यांच्यासाठी नवा डिडो काढला, तो सात वेगवेगळ्या मापांसाठी सात वेळा. ६ पॉइंटसाठी वेगळा, ९६ पॉइंटसाठी वेगळा. प्रत्येक मापाला बारीक रेघ दिसायला तेवढीच नाजूक वाटावी, पण तुटू नये. आपण काय करतो? एकच फॉन्ट घेतो आणि कोपरा धरून ओढतो.

आता मला खरं जे सांगायचंय, ते मराठीबद्दल आहे.

कॅफेचं मेनूकार्ड, सलॉनची पाटी, साडीच्या दुकानाची कॅरीबॅग, लग्नाची पत्रिका... जिथे जिथे इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी येतात, तिथे इंग्रजीला डिझायनर मिळतो आणि मराठीला ‘जो असेल तो टाका’. इंग्रजी नाव पार्टीला निघालेलं आणि मराठी नाव रेशनच्या रांगेत उभं. हे डोक्यात जातं. माझ्या तर फारच, कारण हे मी घरच्याच दुकानाच्या बाबतीत बघितलं.

माझ्या मावसबहिणीने नगरला, सावेडीत, बुटीक काढलं. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण बोलताना आम्ही नगरचे लोक अजूनही नगरच म्हणतो. नव्या नावातही ते आहेच की.) पुण्याच्या एका डिझायनरने तिला लोगो करून दिला होता, फक्त इंग्रजीत. असली डिडोन अक्षरं, एकदम सॉलिड. दुकानाचं नाव मी सांगणार नाही, फुकट जाहिरात कशाला! एवढंच सांगते, की त्यात एक ‘श’ आहे, एक ‘ल’ आहे आणि एक अनुस्वार आहे. तिन्ही पुढे भाव खाणार आहेत.

पाटी मराठीतही हवी हे उघड होतं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये कायदा बदलला. कामाला माणसं कितीही कमी असोत, प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी मराठीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको. व्यापारी मंडळी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिने दिले. पण बहिणीला कायद्याची भीती नव्हती. तिचं गणित साधं होतं. राहुरी, नेवासा, पारनेरहून लग्नाच्या खरेदीला ज्या बायका येणार, त्या आधी वाचणार मराठी ओळ. ती ओळ बघून त्यांना वाटायला हवं, की हे दुकान आपल्यासाठी आहे.

मग आम्ही गेलो फ्लेक्सवाल्याकडे. त्याने कोरलड्रॉ उघडलं, श्रीलिपीतला एक ठळक फॉन्ट घेतला आणि नाव टाइप केलं. ते इंग्रजीपेक्षा बुटकं दिसत होतं. “मॅडम, हाइट सेम करून देतो,” म्हणाला आणि वरचा बिंदू धरून खेचलं. झालं! अक्षर उभं ताणलं, की उभे दांडे आहेत तेवढेच राहतात आणि आडव्या रेघा सुजतात. आमच्या नावाची शिरोरेषा अशी सुजली, की डोक्यावर पत्र्याची शेड टाकल्यासारखी दिसायला लागली. वरती ती नाजूक डिडोन अक्षरं आणि खाली ही शेड.

बहीण दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, “ताई, वरती पॅरिस झालंय आणि खाली पंचायत समिती.”

फ्लेक्सवाला हसला. त्याची चूक नाहीच. दिवसाला वाढदिवसाचे वीस बोर्ड काढायचे असतात त्याला, आणि त्याच्याकडे जे आहे त्यात तो काढतो. कायद्याच्या हिशेबानेही काम चोख झालं होतं. कायद्याला हवी असते उंची. पण एकाच पाटीवर इंग्रजी वाचणाऱ्या बाईला ‘या ना, तुमच्यासाठी खास काढून ठेवलंय’ आणि मराठी वाचणाऱ्या बाईला ‘येथे थुंकू नये’ या आवाजात बोलायचं, हे कसं चालेल? गिऱ्हाईक दोघीही आहेत. बिल दोघीही भरणार आहेत.

यावर आमच्या पुण्यातल्या डिझायनर मित्रमंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं, की देवनागरी स्क्रिप्टच मुळात तशी नाही, तिला एलिगन्स झेपत नाही. सॉरी बॉस, हे मला अजिबात मान्य नाही. जाड-बारीक हा तर आपल्या अक्षराचा जुना धंदा! बोरू तिरका कापून लिहिला, की वळणावर रेघ आपोआप कुठे रुंद होते, कुठे निमुळती. फक्त रोमन लिहिणाऱ्याच्या निबला काप एका बाजूला असतो आणि आपल्या बोरूला त्याच्या उलट बाजूला, त्यामुळे त्यांचं जाड जिथे येतं तिथे आपलं बारीक येतं. आजीच्या पिढीने कित्ता गिरवला तो याच हिशेबाने.

आणि छापील अक्षरातही हे होतं. त्या गोष्टीला नगरचा एक धागासुद्धा आहे. अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू केलं, ते नगरमध्ये. पुढे ते मुंबईला गेलं. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर देवनागरीचे खिळे घडवत होता. (खिळे म्हणजे शिशाचे टाइप. पूर्वी एकेक खिळा जुळवून ओळ तयार व्हायची.) तिथेच एक लहान मुलगा कामाला लागला, जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९ चा. शाळेत जायच्या वयात टाइप घासणाऱ्या या मुलाने १८६४ मध्ये स्वतःची टाइपाची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये छापखाना. तोच निर्णयसागर. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी घडवलेली देवनागरी अक्षरं एकदा बघाच. जुन्या ग्रंथालयात निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं हमखास सापडतात. भरदार अंग, धारदार वळणं, आणि जिथे रेघ बारीक होते तिथे ती काय दिमाखात बारीक होते! देवनागरी छपाईचं माप म्हणून पुढे कित्येक वर्षं लोक त्याच अक्षराकडे बघत होते.

मात्र हेही खरं, की प्रत्येक मजकुराला असला दिमाख नको असतो. आमच्याच जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेलं ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक पत्र नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून अनेक दशकं चाललं. खेड्यातून निघणारं आणि शेतकऱ्यांनी वाचायचं पत्र! तिथे अक्षर हवं ते रोजच्या कामाला टिकणारं, केसाएवढी रेघ जपत बसणारं नव्हे. मला विचाराल तर डिडोन हे अत्तरासारखं आहे. मनगटाला एक थेंब ठीक. कुणी बादलीत ओतून आंघोळ करत नाही.

बरं, मग बोडोनीचा नियम उचलून सरळ देवनागरीला लावून टाकला तर? तिथे घोळ आहे. बोडोनीचा नियम काय, उभं ते जाड आणि आडवं ते बारीक. आपली सगळ्यात महत्त्वाची रेघ कुठली? शिरोरेषा. ती आडवी! नियमाने ती केसाएवढी करावी लागेल. मग अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दोरीवर लोंबकळायला लागतात. तिला जाड ठेवावं, तर डिडोनची सगळी ऐट गेली, परत पत्र्याची शेड. त्यात वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजी ‘ओ’ला दोन्ही बाजूंना फुगायला ऐसपैस जागा मिळते. आपल्या ‘क्ष’ला आणि ‘ज्ञ’ला तेवढ्याच जागेत अख्खा संसार थाटायचा असतो. म्हणून असा देवनागरी फॉन्ट काढणारा माणूस भाषांतर करून सुटत नाही. त्याला प्रत्येक अक्षरासाठी नव्याने ठरवावं लागतं, की इथे कोण जाड होणार आणि कोण बारीक.

आनंदाची बातमी ही, की असे लोक आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘रोझा वन’ नावाचा फॉन्ट काढला. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घरातले, दोन्हींत जाड-बारीकचा फरक भन्नाट. गूगल फॉन्ट्सवर फुकट. एकच वजन आहे आणि ते शीर्षकासाठीच, त्यात परिच्छेद लावायच्या भानगडीत पडू नका. दुसरा आहे ‘टिरो देवनागरी मराठी’. तोही फुकट. तो इतका नटवा नाही, पण देखणा आणि वाचायला आरामशीर, पुस्तकी बांध्याचा. आणि नावात ‘मराठी’ उगीच नाही. त्याच घरात हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे भाऊ आहेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ अर्थातच सगळ्यांना माहीत आहे. त्यात जाड-बारीकचा खेळ जवळपास नाही, पण मेनूकार्डवरच्या बारीक मजकुराला त्यासारखा नाही.

(आणि ‘मंगल’ला शिव्या घालायची फॅशन आता बंद करा. र. कृ. जोशींनी केलेला तो फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला आणि त्यामुळे मराठी माणूस ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठीत लिहायला लागला. तो ऑफिसचा शर्ट आहे. त्याला लग्नात कुणी नेलं, तर चूक शर्टाची नाही.)

तर आमच्या पाटीसाठी बहिणीने त्या पुण्याच्या डिझायनरलाच पुन्हा पकडलं आणि सांगितलं, मराठी लोगोही तूच कर. त्याने एका डिडोन चालीच्या देवनागरी फॉन्टपासून सुरुवात केली. स्क्रीनवर नाव असं काही खुललं, की मावशी म्हणाली, “अगं, हे तर पैठणीच्या काठासारखं दिसतंय!” आम्ही खूश. ते घेऊन गेलो लेझर कटिंगवाल्याकडे, कारण पाटी अ‍ॅक्रिलिकच्या कापलेल्या अक्षरांची करायची होती, आतून एलईडी वगैरे.

त्याने फाइल बघितली आणि मान हलवली. “मॅडम, ही रेघ तुटणार.”

कापलेल्या अक्षरांत देवनागरीचा एक जबरदस्त फायदा असतो, हे मला त्याच्याकडे कळलं. इंग्रजीची अक्षरं सुटी कापून एकेक करून ओळीत चिकटवावी लागतात. मराठी शब्द शिरोरेषेमुळे अख्खा एका तुकड्यात निघतो, उचलला की लावला. पण शिरोरेषाच केसाएवढी असेल, तर उचलतानाच शब्दाचे दोन तुकडे. शिवाय बारीक रेघेत एलईडीची पट्टी मावत नाही, म्हणजे रात्री अर्धं अक्षर अंधारात. आणि अनुस्वार? तो बिचारा सुटाच. त्याला कुणाचाच आधार नाही. कटिंगवाला म्हणाला, पहिल्या पावसात पडणारी वस्तू ती. नगर-मनमाड रोडच्या ट्रकांचा दणका आणि धूळ धरली, तर पावसापर्यंत तरी टिकेल का, हा माझा प्रश्न होता.

मग डिझायनरने हेफ्लरचाच धडा गिरवला. एक नाव, पण तीन मापांसाठी तीन रूपं. पाटीसाठी बारीक रेघा मुद्दाम जाड केल्या, इतक्या की कागदावर बघितलं तर ‘हे काय, सगळी नजाकत गेली’ असं वाटावं. पण रस्त्याच्या पलीकडून बघितलं, तेव्हा ती बरोबर हवी तेवढी बारीक दिसायला लागली. अनुस्वाराला मागून एक पारदर्शक पट्टी दिली. कॅरीबॅगसाठी मधलं रूप. आणि कपड्याला लावायच्या टॅगसाठी, छान जाड गुळगुळीत कार्डावर, खरं केसाएवढं.

उंचीचंही नीट बसवलं. मात्रा, वेलांटी, उकार सगळं धरून मराठी शब्द इंग्रजीएवढा उंच केला, की अक्षराचं मूळ अंग बारकं होतं आणि मराठी उगीच दबल्यासारखी दिसते. म्हणून शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलएवढी ठेवली आणि मात्रांना वर मोकळं सोडलं. त्यामुळे मराठी ओळ थोडी मोठीच दिसते. दिसू दे की!

राहिले ‘श’ आणि ‘ल’. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीचे वेगळे, दांड्याचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा असं स्पष्ट आहे. पण बऱ्याच फॉन्टमध्ये समोर येतात ती हिंदी रूपं. मराठी रूपं आत कुठेतरी दडलेली असतात आणि प्रोग्रामला ‘भाषा मराठी’ असं सांगितल्याशिवाय बाहेरच येत नाहीत. डिझायनरच्या पहिल्या फाइलमध्ये दोन्ही हिंदी होते. एवढ्या सुंदर अक्षरात ते खटकणारही नाहीत पटकन. मावशीला मात्र खटकले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि आयुष्यभर मुलांच्या पाट्यांवरचे ‘ल’ सुधारत आलीय. “हा आपला नाही,” एवढंच म्हणाली. बदलले.

लग्नसराई जवळ आलीय, म्हणून पत्रिकेपुरतं पटकन सांगून टाकते. इंग्रजी बाजूला तुमचा कार्डवाला हमखास ‘प्लेफेअर डिस्प्ले’ लावणार. क्लाउस एगर्स सोरेनसन या डॅनिश डिझायनरने २०११ मध्ये काढलेला हा फॉन्ट फुकट आहे आणि देखणा आहे, पण त्यात देवनागरी नाही. म्हणजे मराठी बाजूला काय लावणार, हे तुम्हीच विचारायचं, आणि छापायच्या आधी विचारायचं. नवरा-नवरीची नावं मोठी आणि जाड-बारीक. मुहूर्त, पत्ता, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ वगैरे साध्या अक्षरात. सोनेरी फॉइल करणार असाल, तर बारीक रेघ आधी एका कार्डावर छापून बघा, फॉइलमध्ये ती बुजते नाहीतर तुटते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारी पत्रिका वेगळी करा, जरा भरीव अक्षरात, कारण आत्या ती चार इंची स्क्रीनवर, चष्मा न लावता वाचणार आहे. फाइल युनिकोडमध्ये देऊ का, हेही आधी विचारा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करणाऱ्या दुकानात तुमचा ईमेलमधला मजकूर पेस्ट केला, की नवरीच्या नावाच्या जागी कवड्या उधळल्यासारखी चिन्हं येतात.

आमच्या जिल्ह्यात तर सध्या पाट्यांचाच सीझन आहे. शाळा, बँका, सरकारी कार्यालयं, दुकानांची पत्त्याची ओळ, सगळीकडे ‘अहमदनगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’. नाव बदललं ते बरं की वाईट, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येईल. पण अख्ख्या जिल्ह्याचं नाव एकदम नव्याने लिहून काढायची वेळ एखाद्या गावावर किती वेळा येते? रस्त्यावरच्या पाटीला डिडोन नकोच, तिथे ऐंशीच्या स्पीडला वाचता येईल असं ठणठणीत अक्षर पाहिजे. तरी या नावात एक ‘ल्या’ आहे, आणि तो मराठी पाकळीचा हवा, एवढं तर कुणीतरी बघायला हवं ना? गेल्या महिन्यात सावेडीहून बसस्टँडपर्यंत रिक्षाने येताना मी मुद्दाम बघत आले. नव्या नावाच्या सहा पाट्या दिसल्या. दोघींवर पाकळीचा ‘ल्या’, तिघींवर दांड्याचा. सहावीवर कुणीतरी ‘हाइट सेम’ करून दिली होती.